पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर: टोमॅटो की कांद्याची चाळ?

देश भाजीपाल्यात स्वयंपूर्ण होईल का, असं विचारतात तेव्हा पिकवण्यापुरतं उत्तर सरळ आहे: उत्पादनात चीनखालोखाल आपलाच नंबर. तरीही २०१९च्या डिसेंबरात तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा आला आणि ऑगस्ट २०२३मध्ये नेपाळचा टोमॅटो. तुटवडा पडतो तो वर्षातल्या थोड्या आठवड्यांचा, कारण निघालेला माल धरून ठेवायला जागा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शेतकऱ्याला हे लक्षात ठेवूनच ठरवावं लागतं, की हातातला पैसा टोमॅटोत घालायचा की चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, बांधायची.

जमिनीवरून भांडण नाही. जुलैत लावलेला टोमॅटो डिसेंबरपर्यंत उरकतो, मग त्याच रानात उन्हाळ, म्हणजे रब्बीचा, कांदा लागतो. ओढाताण भांडवलाची आणि मजुरांची.

टोमॅटोला बांबू, तार, सुतळी, मल्चिंगचा प्लास्टिक कागद, फवारण्या असा सगळा खर्च फळ दिसायच्या आधी. मात्र दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी क्रेट पिंपळगावच्या नाहीतर गिरणाऱ्याच्या बाजारात जातात आणि हातात पैसा खेळता राहतो. अडचण एकच, पण मोठी: पिकलेला टोमॅटो थांबत नाही. २०२३च्या जुलैत शहरांत किलोला दीडशेच्या वर गेलेला हाच माल सप्टेंबरात आपल्याकडे रस्त्यावर ओतला गेला. चांगला भाव बघून सगळ्यांनी एकदम लावलं की दुसरं काय होणार?

कांद्याचं तसं नाही. देशातला निम्म्याहून जास्त कांदा रब्बीचा, आणि पावसाळाभर लोक तोच खातात. म्हणून चाळ. पातीची मान पडल्यावर काढलेला, पातीसकट शेतात सुकवलेला, इंचभर मान ठेवून कापलेला कांदा भरायचा. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड, चिंगळी (अगदी बारीक कांदे) बाहेर. तळाला दीड-दोन फूट मोकळं, खालून वारा खेळला पाहिजे, आणि थर पाच फुटांवर नको. एवढं करूनही वजनघट, सड, कोंब यांत पाव हिस्सा सहज जातो. पावसाळा दमट गेला तर त्याहून जास्त.

शिवाय सरकार मध्ये येतं, ते वेगळंच. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात निर्यातीवर थेट बंदी, ती उठली मे २०२४ला, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. लासलगावच्या कांदा बाजारातला भाव अशा एका आदेशाने दुसऱ्या दिवशी बसतो. चाळीत माल असला तर निदान चार आठवडे वाट बघता येते. टोमॅटोवाल्याला ती सोय नाही.

माझं मत चाळीकडे झुकतं. अट एवढीच की ऑगस्टपर्यंतचा घरखर्च, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता दुसरीकडून निघाला पाहिजे. नाहीतर जूनमध्येच गरजेपोटी ट्रॉली भरून कांदा विकावा लागतो आणि चाळ रिकामी उभी राहते. तसं असेल तर अर्धा एकर टोमॅटोच बरा, घरची माणसं तोड्याला पुरतील एवढाच.

चाळीसाठी सरकारी अनुदान घेणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय पाया खणू नका, पैसे बांधकाम झाल्यावरच मिळतात. आणि खरिपाचा लाल कांदा चाळीत भरू नका, तो टिकत नाही.