एडिटरमधली मदत घ्यावी की टर्मिनलमधला एजंट?

कोड लिहायला एआय घ्यायचं, तर एडिटरमध्ये कोड सुचवणारं घ्यायचं की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, स्वतः काम करणारा एजंट? टीमसाठी हे ठरवताना दर नंतर बघा. आधी हे बघा, की दुसऱ्याने लिहिलेला कोड तुमच्याकडे बारकाईने वाचतं कोण आणि किती.

गिटहब कोपायलट 2022 साली सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा तो पुढची ओळ सुचवायचा आणि टॅब दाबला की ती आत यायची. आता त्यातही एजंट आलाय, कर्सर नावाच्या एआय एडिटरमध्येही आहे. पण एडिटरमध्ये बसून काम केलं की बदल लहान राहतात आणि ते डोळ्यांसमोर होतात. कोडचा कानाकोपरा पाठ असेल तर मी हेच घेईन.

क्लॉड कोडसारख्या टर्मिनलमधल्या एजंटला पूर्ण काम सांगायचं असतं. तो फाइली शोधतो, बदलतो, टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवतो, त्या नापास झाल्या की पुन्हा दुरुस्तीला लागतो. लायब्ररीची आवृत्ती वाढवणं, वर्षानुवर्षं राहून गेलेल्या टेस्ट लिहिणं, असली कंटाळवाणी कामं इथे झपाट्याने उरकतात. तुमचं टायपिंग घटतं. काम नेमकं मांडणं आणि डिफ, म्हणजे कोडमध्ये काय बदललं ते, वाचणं वाढतं. (ज्यांना रिव्ह्यूचा कंटाळा आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) टेस्टच नसतील तर आपलं चुकलंय हे एजंटला कळणार कुठून? आणि असल्या, तरी त्या पास करण्यासाठी तो कधी टेस्टच बदलून टाकतो. म्हणून टेस्टच्या फाइलींचा डिफ आधी उघडा.

इश्यू (करायच्या कामाची नोंद) सोपवला की परस्पर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती, आणून देणारे क्लाउडमधले एजंट मात्र रिव्ह्यूची शिस्त बसल्यावरच घ्या.

वेग वाढतो का? एमईटीआर या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांची 246 कामं तपासली. एआय वापरायची मुभा असताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र 20 टक्के वेळ वाचल्यासारखं वाटत होतं. ती साधनं 2025 च्या सुरुवातीची होती आणि कोड त्या डेव्हलपरांच्या चांगलाच ओळखीचा, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू होईलच असं नाही. तरी टीमला ‘कसं वाटतंय’ विचारू नका. कामाचं तिकीट उघडल्यापासून बदल मूळ कोडमध्ये मर्ज होईपर्यंतचा वेळ मोजा.

एजंट घेतलाच, तर कमांड चालवायची मोकळीक देण्याआधी तो चालणार त्या मशीनवर प्रॉडक्शन डेटाबेसचा (वापरकर्त्यांचा खरा डेटा असतो तो) पासवर्ड पडलेला नाही ना, ते तपासा.