टेकन ७ वर थांबायचं की टेकन ८ घ्यायचा?

टेकन म्हणजे एकास एक मारामारीचा व्हिडिओ गेम. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-बेंगळूरहून पोरं घरी आली की हा प्रश्न येतोच. टेकन ७ मस्त चाललाय, मग आठवा घेऊ की राहू दे? याचं सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तुम्ही कशावर खेळता आणि कुणाबरोबर खेळता, या दोन गोष्टींवर ते ठरतं. माझं मत आधीच सांगतो: ज्याला जोड मिळत नाही त्याने टेकन ८ घ्यावा. ज्याच्या घरी संध्याकाळी चार जण पॅड (हातात धरायचा कंट्रोलर) घेऊन बसतात त्याने घाई करू नये. आणि मशीन जुनं असेल तर हा वाद मशीनच मिटवून टाकतं.

म्हणून मशीनपासूनच सुरुवात करू.

टेकन ७ घराघरात आला जून २०१७ मध्ये, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर. टेकन ८ आला २६ जानेवारी २०२४ ला, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर. म्हणजे प्लेस्टेशन ४ वाल्यांसाठी आठवा भाग नाहीच. आपल्याकडे सेकंडहँड पीएस ४ अजून भरपूर फिरतायत, त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं. पीसीवर टेकन ७ ला ६ जीबी रॅम आणि दोन जीबीचं जीटीएक्स ६६० किंवा ७५० टीआय कार्ड पुरतं. आठव्याला किमान ८ जीबी रॅम आणि चार जीबीचं १०५० टीआय लागतं, आणि डोळ्यांना सुख हवं असेल तर १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०७०. किमान मशीनवर तो चालतो, पण सेटिंग खाली आणावी लागते, रिझोल्यूशनही उतरवावं लागतं. कॉलेजच्या कामासाठी घेतलेल्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर टेकन ८ चा नाद करू नका.

डिस्कवर जागा लागते १०० जीबी. बेळगाव शहरात, टिळकवाडी-शहापुरात फायबर घेतलेल्याला त्याचं काही वाटणार नाही. पण खानापूरच्या पलीकडे जांबोटीकडे राहणाऱ्याला, रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईल रिचार्जवर, तेवढा डेटा उतरवायला पन्नास दिवस लागतील. त्यावर उपाय आहे. फायबर असलेल्या मित्राकडे आपल्या खात्यावरून गेम उतरवायचा, स्टीमच्या (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) बॅकअप सोयीने तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि घरी आणून चढवायचा. मग घरच्या नेटवर फक्त अपडेट येतात.

आता मुख्य मुद्दा, एकट्याने खेळण्याचा.

टेकन ७ एकट्या माणसाला फार थोडं देतो. मिशिमा घराण्याची कथा आहे, हेइहाची आणि काझुया या बाप-लेकाच्या वैराचा शेवट त्यात होतो, आणि ती बघण्यासारखी आहे. पण ती एका शनिवार-रविवारात संपते. बाकीच्या पात्रांच्या कथा म्हणजे एक लढत, एक छोटा व्हिडिओ आणि खलास. आर्केड मोड आहे, म्हणजे कॉम्प्युटरशी एकामागून एक लढती. ट्रेझर बॅटल आहे, ज्यात लढत राहायचं आणि कपडे-टोप्यांच्या पेट्या उघडत राहायचं. आणि शिकवणारं कुणीच नाही. प्रॅक्टिस मोडमध्ये शंभर-सव्वाशे मूव्हची यादी समोर ठेवून गेम गप्प बसतो. कुठली मूव्ह किती फ्रेमची, म्हणजे तिला किती वेळ लागतो, हे दाखवणारी सोयसुद्धा नंतर पैसे घेऊन वेगळी विकली गेली. ज्यांनी टेकन ७ शिकला, ते यूट्यूबवर किंवा मित्राच्या हातून मार खात शिकले.

टेकन ८ ने नेमकं हेच बदललं, आणि माझ्या मते हा या भागाचा सगळ्यात मोठा गुण आहे. आर्केड क्वेस्ट नावाचा नवा मोड आहे. त्यात तुम्ही स्वतःचा छोटासा अवतार बनवता आणि एका आर्केडमधून (व्हिडिओ गेम पार्लरमधून) दुसऱ्या आर्केडमध्ये खेळत जाता. मॅक्स नावाचा दोस्त सोबत असतो, तो एक-एक गोष्ट समजावतो: समोरच्याची मूव्ह अडवल्यावर परत मारायचं कधी, हवेत उडालेल्याला किती वेळ वर ठेवायचं, हीट (आठव्यातली जोर वाढवायची नवी सोय, तिच्यावर पुढे बोलतो) कशी वापरायची. प्रत्येक गोष्ट शिकवल्यावर लगेच ती वापरायला लावणारी लढत येते. ज्याने आजवर फक्त बटणं बडवली त्याला इथं पहिल्यांदा कळतं की टेकनच्या चार बटणांमागे दोन हात आणि दोन पाय आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एकट्याने खेळायचा मोड असल्यामुळे त्यात नेटची धडपड नाही. पावसाळ्यात टॉवर आणि वीज दोन्ही लपंडाव खेळतात तेव्हा खानापूर भागातल्या पोराला याची किंमत समजेल.

दुसरी गोष्ट सुपर घोस्ट बॅटल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निर्णय इथंच होतो. तुम्ही खेळता तेव्हा गेम तुमच्या सवयी टिपत जातो आणि त्यातून तुमचा घोस्ट तयार होतो. मग तुम्ही स्वतःशीच लढता. तुम्ही दर वेळी उठता-उठता खालची किक मारत असाल तर तोही मारतो. भिंतीजवळ घाबरून बटण दाबत असाल तर तोही दाबतो. आपली खोड समोरून अंगावर आली की ती सोडावीशी वाटते, हा अनुभव टेकन ७ मधला कुठलाच कॉम्प्युटर देत नव्हता. तिथला कॉम्प्युटर अवघड केला की फक्त बटणं वाचल्यासारखा अडवत बसायचा. माणसाशी लढण्याचा सराव त्यातून व्हायचा नाही. आठव्यात दुसऱ्या खेळाडूंचे घोस्टही उतरवून घेता येतात. म्हणजे चिकोडीत बसून बेंगळूरच्या मित्राचा घोस्ट घ्यायचा आणि तो कामावर असताना त्याच्या सवयींशी लढायचं. गावात दुसरा टेकन खेळणारा नसेल तर याच्याइतकं उपयोगी काही नाही.

रिप्लेचंही तसंच. आठव्यात हरलेला सामना परत लावला की गेम मधेच टिप देतो, इथं तुला ही मूव्ह मारता आली असती. तिथंच रिप्ले थांबवून पॅड हातात घेऊन ती मारूनही बघता येते. हार पचवायला हे फार बरं पडतं.

कथा दोन्हींत आहे, आठव्यातली जास्त भव्य. सुरुवातच काझुया आणि त्याचा मुलगा जिन यांच्या शहर उद्ध्वस्त करणाऱ्या लढतीने होते. प्रत्येक पात्राची छोटी कथाही आता पाच लढतींची आहे. मजकूर मराठी-कन्नड सोडा, हिंदीतही नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं. पण एक गोष्ट मला मनापासून आवडते: पात्रं आपापल्या भाषेत बोलतात, जपानी माणूस जपानीत, पेरूची असुसेना स्पॅनिशमध्ये, आणि समोरच्याला ते कळतं. आपल्या खडेबाजारात एक मराठीत भाव विचारतो, दुसरा कन्नडमध्ये सांगतो आणि व्यवहार होतो, अगदी तसंच. बेळगावच्या माणसाला त्यात वेगळं काही वाटणारच नाही.

टेकन बॉलचा उल्लेख करून पुढे जातो. टेकन ३ मधला बीचवर चेंडू मारायचा तो खेळ आठव्यात परत आलाय. लहान भावंडं घरी आली की अर्धा तास छान जातो. सातव्यात त्या जागी बोलिंग होतं, तेही पैसे देऊन घ्यायचं.

आता चार जण असलेल्या घराकडे येतो.

एका खोलीत, एका टीव्हीवर, शेजारी बसून खेळण्यात टेकन ७ आजही कुठं कमी पडत नाही. लाहोरचा अर्सलान अॅश २०१९ मध्ये आधी जपानची आणि मग लास व्हेगासची ईव्हो ही मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकला तो टेकन ७ वरच. तो घडला तिथल्या स्थानिक आर्केडमध्ये, समोरासमोर बसून. गल्लीत चांगली जोड असेल तर मोड कमी असल्याने काही बिघडत नाही. शिवाय सातव्याचा वेग जुन्या खेळाडूंना ओळखीचा आहे. थांबायचं, मागे सरायचं, समोरच्याची चूक होऊ द्यायची आणि मग शिक्षा करायची, हे तिथं जमतं.

आठव्यात हीट आली. प्रत्येक फेरीत एकदा ती सुरू करता येते. मग थोडा वेळ तुमचे वार अडवले तरी समोरच्याचं रक्त कमी होतं. ते त्याला परत मिळवता येतं, पण चढाई करूनच. म्हणजे सगळा खेळ पुढे ढकलणारा झालाय. नव्याला याची मजा येते, कारण प्रत्येक फेरीत काहीतरी घडतं. ज्याला बचाव आवडतो त्याला मात्र घुसमटल्यासारखं होतं, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. एप्रिल २०२५ च्या सुमारास दुसऱ्या सीझनचे (गेमच्या दुसऱ्या वर्षाच्या मोठ्या अपडेटचे) बदल आले तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी याच कारणावरून मोठी नाराजी दाखवली आणि कंपनीला नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. तुम्ही सातव्यात शांत डोक्याने खेळणारे असाल तर विकत घेण्याआधी हे नीट विचारात घ्या.

उलट घरात एकच जण तयार आणि बाकीचे नवखे असतील तर आठव्याची स्पेशल स्टाईल कामाला येते. सामना चालू असतानाच एक बटण दाबून ती लावता किंवा काढता येते. मग एकेका बटणावर कॉम्बो, म्हणजे सलग वारांची माळ, निघतात. वहिनी, मामेभाऊ, कुणीही पहिल्याच दिवशी बरं खेळतं. त्याने तयार खेळाडू हरत नाही, पण सामना दहा सेकंदांत संपतही नाही.

नेटवर खेळणाऱ्यांसाठी निकाल सरळ आहे. टेकन सेकंदाला साठ फ्रेम चालतो आणि सर्वात जलद साधा ठोसा दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात लागतो. एवढ्याशा वेळात नेट अडखळलं तर खेळ मरतो. सातव्यात लाईन खराब असली की हात जड व्हायचे. २०२० च्या शेवटी चौथ्या सीझनबरोबर त्यात सुधारणा झाली, पण पूर्ण समाधान झालं नाही. आठवा रोलबॅकवर चालतो: पलीकडचं बटण पोहोचायची वाट न बघता गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. बेळगावहून मुंबई काय किंवा बेंगळूर काय, दोन्हींकडे अंतर साधारण पाचशे किलोमीटर. तेवढ्यावरचा सामना चांगल्या लाईनवर शेजारी बसल्यासारखा जातो. समोरचा वायफायवर आहे की वायरवर तेही दिसतं. वायफायवाल्याला नकार द्या आणि स्वतःही वायर लावा. शिवाय २०२४ पासून मोठ्या स्पर्धा आठव्यावर गेल्या. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही.

पैशांचं बघू. सातवा सेलमध्ये वारंवार अगदी स्वस्त होतो, आठवा त्याच्या कितीतरी पट महाग आहे, आणि खर्च तिथं थांबत नाही. सुरुवातीला ३२ पात्रं मिळतात, पुढची विकत. सायबर कॅफेत टेकन ३ खेळून मोठी झालेली आपली पिढी एडी गोर्डोवर जीव टाकते. सातव्यात तो गेमसोबतच होता. आठव्यात तो एप्रिल २०२४ मध्ये पैसे देऊन घ्यायचं पहिलं पात्र म्हणून आला. हेइहाचीही तसाच नंतर आला. सातव्यातले अकुमा, गीस, नोक्टिस हे दुसऱ्या गेममधून आलेले पाहुणे आठव्यात नाहीत. गेम आल्यावर काही आठवड्यांतच कपडे विकणारं दुकानही त्यात उघडलं. ते घेतले नाहीत तरी खेळात काही अडत नाही. मुलांच्या हाती खातं असेल तर कार्ड जोडून ठेवू नका, एवढंच.

पीएस ४ वाल्यांना रिकाम्या हाती पाठवत नाही. जून २०२३ मध्ये आलेला स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचाच दुसरा गेम पीएस ४ वर चालतो. त्यातला वर्ल्ड टूर मोड एकट्यासाठी आर्केड क्वेस्टपेक्षाही मोठा आहे: आपलं पात्र बनवून शहरभर फिरायचं, र्‍यू, चुन-ली या त्यातल्या जुन्या पात्रांच्या हाताखाली शिकायचं. मॉडर्न कंट्रोलमुळे अवघड मूव्हही सोप्या निघतात. खेळ समोरासमोरचा, सपाट आहे, टेकनसारखं बाजूला सरकता येत नाही. तेवढी सवय करावी लागते. पण नवा पीएस ५ घेऊन टेकन ८ खेळण्यापेक्षा जुन्या मशीनवर हा घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ज्यांचा निर्णय अजून अडलाय त्यांनी टेकन ८ चा फुकट डेमो उतरवावा. मोजकी पात्रं आणि कथेचा सुरुवातीचा भाग त्यात आहे, आपलं मशीन झेपवतंय का हेही कळतं. पीसीवर विकत घेतलात आणि पटलं नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून पहिले दोन तास कथेत घालवू नका. थेट प्रॅक्टिसमध्ये जाऊन आपलं पात्र हातात घ्या, मग एक फेरी ऑनलाइन आणि एक फेरी घोस्टशी. आणि घ्यायचाच ठरलं तर साधी आवृत्ती घ्या. सीझन पास (नंतर आलेल्या पात्रांचा एकत्र संच) नंतर, सेल लागेल तेव्हा, आणि तोही एडी खरंच हवा असेल तरच.