पद्मिनी मालकांचा क्लब: वर्गणी वसूल होते का?

प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्याला क्लब लागतो तो रविवारच्या फेरफटक्यासाठी नव्हे, सुट्या भागांसाठी. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तरी भाग मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना ते रोज लागत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ऑपेरा हाऊसच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या दुकानदाराने नवा माल कुणाच्या भरवशावर भरायचा? एकटा मालक वर्षाला एखादं किट घेतो. चाळीस मालकांनी एकत्र मागणी नोंदवली, तरच रबर किंवा बुश बनवणारा कारखानदार साचा हातात घेतो. क्लबची खरी सेवा हीच, आणि वर्गणी द्यायची ती यासाठी.

सध्याची सगळ्यात मोठी अडचण पेट्रोलची आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. टाकीपासून इंजिनावरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा पाइप आधी फुगतो, मग आतून सुटायला लागतो. त्याचा चुरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतो आणि गाडी चढावर दम टाकते. या पंपाचा (‘एसी पंप’) डायाफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला तर प्रकरण आणखी वाईट. हा पंप इंजिनालाच बसवलेला असतो, त्यामुळे गळणारं पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद करा. पातळ झालेल्या ऑइलवर चालवली तर बेअरिंग खराब होतात, आणि मग खर्च डायाफ्रामचा राहत नाही, पूर्ण इंजिन खोलण्याचा होतो.

उपाय असा. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पाइप घ्या (दुकानात ‘व्हिटॉन’ म्हणून मागा), नवी क्लिप लावा आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवा. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि गाळ सोडवतं, म्हणून पहिला फिल्टर लवकर भरतो. तो बदलायची तयारी ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, कारण मोकळ्या जागेतल्या हवेतला दमटपणा इथेनॉल ओढून घेतं. इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडून गाडी गचके देत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा, मात्र त्याआधी प्लग काढून त्यांचा रंग तपासा. पाइप बाजारात सुटा मिळतो, पण पद्मिनीच्या पंपाला बसणारा आणि इथेनॉलला टिकणारा डायाफ्राम एकट्याने बनवून घेणं परवडत नाही. क्लबने असा लॉट काढलाय का, आधी कोणाच्या गाडीत बसवून किती काळ चालवून पाहिला, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तरात फक्त रॅलीचे फोटो आले तर दुसरा क्लब शोधा.

दुसरी कामाची गोष्ट कागदपत्रं. पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार नंबरांच्या ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. १९७४ च्या पद्मिनी या वयात आल्या आहेत. पण दोन अटी नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, म्हणजे डिझेल इंजिन टाकलेली गाडी यात बसणं कठीण. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. भाजी आणायला गाडी काढायची असेल तर साध्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं. त्याचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत भरता येतो. चांगल्या क्लबमध्ये हे सगळं नुकतंच करून आलेला कोणीतरी भेटतो आणि आरटीओच्या दोन चकरा वाचतात.

क्लबचं सदस्यत्व घेतलं की विमा स्वस्त होतो, हा गैरसमज फार आहे. जुन्या मोटार टॅरिफमध्ये (विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकात) सदस्यत्वावरची सवलत मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सदस्यांना होती, तीही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५ टक्के आणि जास्तीत जास्त २०० रुपये. हौशी मालकांच्या क्लबचं कार्ड दाखवून ती मिळत नाही. कोणी तसं सांगून वर्गणी मागत असेल तर सावध राहा.

क्लब कुठे बिघडतात तेही सांगायला हवं. ग्रुपमध्ये दलाल शिरले की सदस्यांसाठी काढलेला माल दुप्पट दराने बाहेर जातो. म्हणून भाग आरसी बुकवरच्या चासी नंबरवर, एका गाडीला एक संच या हिशेबाने वाटणारा क्लब आम्ही वरचा मानतो. संस्था नोंदणीकृत असावी, वर्षाचा हिशेब सभेत मांडला जावा. आणि सगळं काम दोनच माणसांच्या गळ्यात पडलं की तिसऱ्या वर्षी लॉट निघणं थांबतं, त्यामुळे वर्गणीबरोबर थोडा वेळही द्या. भाग मोजून पाकिटं भरणं, गळतीच्या तक्रारी लिहून ठेवणं, पत्रा काम नीट करणाऱ्या कारागिरांची यादी अद्ययावत ठेवणं, ही कामं कोणालाही जमतात.

रॅलीला जायचं असेल तर डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट सेट, कंडेन्सर, रोटर, डायाफ्राम किट आणि पाच लिटर पाणी ठेवा. खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबलं की बहुधा सुरू होते.

गाडी नसलेल्यांनाही काही क्लब सहसदस्य करून घेतात. घरातली पद्मिनी कधीच विकली गेली असली तरी माळ्यावर बंपर, मीटर, मागचे दिवे किंवा सर्व्हिस मॅन्युअल पडलेलं असू शकतं. भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि कोरलेला पार्ट नंबर जवळच्या क्लबला पाठवा.