कॅसेट शेगडी: सगळं होतं, भाकरी सोडून

स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतील, ती इथे पुन्हा लिहीत नाही. एक बर्नर, शेजारी आडवा ब्युटेनचा कॅन, प्लॅस्टिकची पेटी. दिवाळीत घेतली, आता एप्रिल संपत आला.

चहा होतो, मॅगी होते, चौघांच्या खिचडीचा कुकर झकास होतो. पण घरचा बिडाचा तवा ठेवला की थोड्या वेळाने खट्कन आवाज येतो, कॅनचा खटका आपोआप सुटतो आणि ज्योत गुल. पवनेच्या काठावर दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी अर्धी कच्ची. पिठलं तयार आणि मंडळी माझ्याकडे बघतायत.

कस्टमर केअरला फोन केला. व्हिडिओ मागितला, पाठवला. बिल मागितलं, पाठवलं. मग आठवडाभराने उत्तर, ‘सर, प्रॉडक्ट ओके आहे, मोठं भांडं वापरू नये.’ मोठं म्हणजे किती इंच? ते कोणी सांगेना. खोक्यावर नखाएवढं चित्र आहे, तव्यावर फुली मारलेलं. एवढ्यावर हात झटकले.

चिडून शेगडी उलटीसुलटी करून पाहिली तेव्हा गंमत कळली. तव्याची कड पार कॅनच्या कप्प्यावर येते. बीड तापलं की त्याची धग खाली कॅनला लागते, आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की गॅस तोडायचा हेच त्या खटक्याचं काम. म्हणजे ज्याला मी बिघाड म्हणून शिव्या घालत होतो, तोच भाग पैसे वसूल करतोय. हे मराठीत दोन ओळींत छापायला काय जात होतं? आता कप्प्यापर्यंत न पोचणारा छोटा तवा नेतो. भाकरी तळहाताएवढी होते. आईच्या मते तिला भाकरी म्हणत नाहीत.

थंडीतली तक्रार मात्र कायम आहे. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, आणि गॅस जळत असताना कॅन स्वतःच गार पडत जातो. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे ज्योत निरांजनाएवढी झाली होती. कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, फरक पडतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू राहतो, म्हणून हिमालयात जाणारे मिश्र गॅसचे कॅन शोधतात. ते स्क्रूवाले असतात, या शेगडीला बसत नाहीत.

खर्चाचं बोलू. २२५ ग्रॅमचा कॅन मोठ्या आचेवर तास-सव्वा तास चालतो, मग फेकून द्यायचा. जीव तुटतो. घरच्या सिलिंडरमधून कॅन भरायचं अ‍ॅडॅप्टर मिळतं, मीही कार्टमध्ये टाकलं होतं. काढलं. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, आणि ४० अंशांना त्याचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून जास्त. पत्र्याचा डबा त्यासाठी बनलेला नाही. त्यापेक्षा नवा कॅन किचनच्या काट्यावर ठेवून वजन मार्करने वरच लिहा; परत आल्यावर पुन्हा तोला, किती उरला ते ग्रॅममध्ये कळतं. अर्धे कॅन मग घरी गॅस संपल्यावर कामी येतात.

गाडीने जाणाऱ्यांनी आणि भाकरीवाल्यांनी सरळ पाच किलोचा सिलिंडर न्यावा. दहा किलोच्या वर वजन आहे, पण तवा कुठलाही चालतो. पाठीवर सामान नेणाऱ्यांनी दोन्ही घेऊ नका, छोटा स्क्रू बर्नर घ्या.

इग्नायटर मार्चपासून नुसता चटचट करतो. त्यासाठी पुन्हा फोन करायची ताकद नाही, काडेपेटी ठेवतो.