हिवतापाचं बायव्हॅलंट आरडीके : पाच मायक्रोलिटर रक्त आणि वीस मिनिटं

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावात तापाच्या रुग्णाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, तरी ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन निकाल परत यायला पावसाळ्यात कितीतरी दिवस जातात. फाल्सिपेरम या घातक परजीवीचा हिवताप तेवढी उसंत देत नाही. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा, की काचपट्टीचा निकाल २४ तासांत मिळणार नसेल तिथे आरडीके, म्हणजे जागेवरच झटपट निदान करणारं किट, वापरायचं. आधीचं किट फक्त फाल्सिपेरम ओळखायचं. २०१३ पासून कार्यक्रमात बायव्हॅलंट, म्हणजे दोन परजीवी ओळखणारं, किट आलं आणि व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीचीही रेषा मिळाली. वस्तू उत्तम आहे, दुर्गम भागात तिला पर्याय नाही. पण ती हाताच्या सवयीवर फार अवलंबून आहे, आणि नेमकं तेच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

पाकिटात एक कॅसेट (चाचणीची पट्टी बसवलेली प्लॅस्टिकची डबी), ओल शोषणारी पुडी आणि रक्त उचलायचं साधन असतं. लॅन्सेट (बोट टोचायची सुई), स्पिरिटचा बोळा आणि बफर (रक्त पट्टीवरून वाहून नेणारा द्रव) सोबत येतात. यात सगळ्यात महत्त्वाचं ते रक्त उचलायचं साधन. कुठे तारेसारखा लूप, कुठे पिपेट, कुठे उलट्या वाटीसारखं टोक असलेली प्लॅस्टिकची काडी. तिन्हींची तुलना झाली तेव्हा उलटी वाटी सरस ठरली. तिच्यात रक्त आपोआप मावेल तेवढंच चढतं आणि सांडत नाही. पिपेटला दाब कमी-जास्त होतो, नवख्या हाताकडून पाचाऐवजी दहा मायक्रोलिटर सहज जातं. रक्त जास्त झालं की किटातल्या पट्टीची पार्श्वभूमी लालच राहते आणि फिकट रेषा तिच्यात बुडते. कमी पडलं तर परजीवी असूनही रेषा उमटत नाही.

कृती अशी. पाकिटावरची मुदत बघा. पाकीट फोडल्यावर शोषक पुडीतल्या दाण्यांचा रंग बदललेला असेल तर ते किट बाद. ओल शिरलेली पट्टी भरवशाची राहत नाही. अनामिकेचं टोक स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या बोटावर थेंब गोल उभा राहत नाही, पसरतो, आणि मग काडी नीट भरत नाही. रक्त लहान खिडकीत, बफर त्याच्या ठरलेल्या खिडकीत. खिडक्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. बफरचे थेंब बाटली उभी धरून टाका. तिरपी धरली तर थेंबाचा आकार बदलतो. काही किटांना २ थेंब लागतात, काहींना ४. एका कंपनीची सवय दुसऱ्या कंपनीच्या किटावर चालवू नका. बफर संपला म्हणून सलाइन किंवा पाणी तर अजिबात नको. त्याने हिवताप नसलेल्या रक्तातही रेषा उमटते.

मग थांबायचं. काही किटांना १५ मिनिटं, काहींना २०, पत्रकात असेल तेवढं. घड्याळ लावा, अंदाज नको. पाचव्या मिनिटाला निगेटिव्ह म्हणून मोकळं होणं जितकं चूक, तितकंच तासाभराने परत येऊन वाचणं. वेळ उलटून गेल्यावर दिसलेली रेषा पॉझिटिव्ह धरत नाहीत. वेळेत दिसलेली रेषा मात्र कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच.

नियंत्रण रेषा, म्हणजे हिवताप असो-नसो प्रत्येक चाचणीत उमटायला हवी ती रेषा, हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ती उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असं सर्रास समजलं जातं. ती फक्त एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून वाहत गेला आणि सोन्याचे कण चिकटवलेली प्रतिपिंडं शाबूत आहेत. रक्त टाकायचं राहूनच गेलं, नुसता बफर टाकला, तरी बहुतेक किटांत ती रेषा छान गडद येते. म्हणून रक्त खिडकीत पडल्याचं डोळ्यांनी पाहूनच बाटली उचला. नियंत्रण रेषा आली नाही, तर मात्र बाकी काहीही दिसो, नवीन किट घ्या.

साठवणीत सगळ्यात जास्त किटं वाया जातात. कमाल तापमान खोक्यावर छापलेलं असतं, कुठे ३० अंश, कुठे ४०. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालची खोली आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी दोन्हींच्या पुढे जातात. व्हायव्हॅक्सची रेषा परजीवीच्या एलडीएच या विकरावर आहे; त्यामागचं प्रतिपिंडांचं गणित उष्णतेला जास्त हळवं आहे, त्यामुळे तापलेल्या किटात आधी बिघडते ती बहुधा हीच रेषा. घरातला थंड, अंधारा कोपरा बरा. फ्रीजमधून काढलेलं पाकीट लगेच फोडू नका, आत दव धरतं.

आता किटाच्या मर्यादा. फाल्सिपेरमची रेषा एचआरपी-२ या प्रथिनावर आहे. परजीवी मेल्यावरही हे प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं. औषधं पूर्ण झालेल्या रुग्णाला पुन्हा ताप आला आणि रेषा उमटली, तर औषध फसलं असा अर्थ लावू नये. तिथे काचपट्टीच हवी. काही फाल्सिपेरम परजीवींत या प्रथिनाचं जनुकच गळालेलं असतं. पेरूमधून २०१० साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे भारतातही असे परजीवी सापडले. त्यामुळे लक्षणं ठसठशीत आणि किट निगेटिव्ह, असं दिसलं तर रक्त पुन्हा तपासा. रक्तात परजीवी फारच जास्त असतील तर एखाद्या वेळी रेषा उलट फिकी पडते, हेही ध्यानात असू द्या. आणि एका मायक्रोलिटरमागे शंभर-दोनशेपेक्षा कमी परजीवी असतील तर किट चुकू शकतं. निष्णात तंत्रज्ञ काचपट्टीवर पन्नासही टिपतो. परजीवींची संख्या तर किट सांगतच नाही. म्हणून मुंबईसारख्या शहरात, जिथे प्रयोगशाळा कोपऱ्यावर आहे, तिथे पहिली पसंती काचपट्टीलाच द्यावी.

दवाखान्यासाठी विकत घेताना खोक्यावर पीएफ/पीव्ही (फाल्सिपेरम/व्हायव्हॅक्स) आहे की पीएफ/पॅन (फाल्सिपेरम/हिवतापाचा कुठलाही परजीवी) ते बघा. पॅन किटात नुसत्या फाल्सिपेरमच्या रुग्णालाही दोन्ही रेषा येतात, मिश्र लागण वेगळी कळत नाही. आपल्याकडे पीएफ/पीव्हीच सोयीचं, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन, फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनची जोडऔषधं. जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-चाचणीत मायक्रोलिटरमागे २०० परजीवी असलेल्या नमुन्यांवर किमान ७५ टक्के गुणांची अट होती. विक्रेत्याकडून त्या आकड्याची मागणी करा. गोव्यात तयार झालेलं पॅराचेक हे हिवतापाचं किट आफ्रिकेतल्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं, तेव्हा देशी किट म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बफर मोठ्या बाटलीऐवजी एकेका चाचणीपुरता येत असेल तर तेच घ्या. आणि आशाताईंना द्यायचं असेल तर माडिया, गोंडी बोलणाऱ्या गावातही चालेल असा चित्रांचा तक्ता सोबत मागून घ्या.