टँगोतला कॉन्ट्रास्ट: आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

माझी पत्नी आणि मी आर्जेंटाइन टँगो शिकू लागलो त्याला तीन वर्षे होऊन गेली. गेल्या वर्षी आमच्याच सरावाचा व्हिडिओ पाहताना लक्षात आले की पावले बिनचूक होती, तोलही सुटत नव्हता, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या हालचाली एकाच वेगाच्या, एकाच लांबीच्या आणि एकाच जोराच्या होत्या. आमच्या शिक्षिकेने नव्या फिगर्स, म्हणजे पावलांच्या नव्या रचना, शिकवणे तिथेच थांबवले आणि केवळ कॉन्ट्रास्टवर, म्हणजे संथ आणि चपळ, लांब आणि आखूड, चालणे आणि थांबणे यांतील फरकावर काम करायला सांगितले. आठवड्यातून तीन संध्याकाळी, चाळीस-चाळीस मिनिटे, असा सराव आठ महिने केला.

सरावाला हालचाली तीनच होत्या: चालणे, बाजूचे पाऊल आणि ओचो, म्हणजे आठच्या आकड्यासारखे वळण. संगीत मात्र विचारपूर्वक निवडले होते. हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचा ठेका ठसठशीत आणि तुटक असतो. १९३५ मध्ये पियानोवादक रोदोल्फो बियाजी त्यात आल्यावर तो अधिकच धारदार झाला. कार्लोस दि सार्लीकडे व्हायोलिनचे लांब, सलग स्वर आहेत. ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या १९४६ च्या ‘ला युम्बा’मध्ये तर जड आघात आणि विरघळून जाणारे हळुवार स्वर एकाच रचनेत पाठोपाठ येतात. तेच ओचो या तिघांच्या संगीतावर केले, तेव्हा कॉन्ट्रास्ट आपण वरून चढवायचा नसून संगीतातून ऐकून उचलायचा असतो, हे प्रथमच शरीराला कळले.

सर्वांत मोठा बदल संथ पावलात झाला. संथ पाऊल म्हणजे उशिरा टाकलेले पाऊल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पाय वेळेवरच पोहोचतो. वेळ लागतो तो एका पायावरचे वजन दुसऱ्या पायावर नेण्यात, आणि त्या प्रवासातच जोडीदाराला काहीतरी सांगता येते. दुप्पट लयीत जाताना पाऊल निम्म्याने आखूड करावे लागते आणि गुडघे सैल ठेवावे लागतात. पहिल्या दोन महिन्यांत मी तसे केले नाही, त्यामुळे पोटऱ्या सतत दुखत असत आणि पत्नीला ओढल्यासारखे वाटे.

थांबणे त्याहूनही कठीण निघाले. चार मात्रा थांबलो तरी मला युग लोटल्यासारखे होई आणि तिला वाटे की मी पुढचे विसरलो. ज्यांनी ख्यालगायन ऐकले आहे, त्यांना ठहराव म्हणजे रिकामी जागा नव्हे हे समजावून सांगावे लागत नाही. पण ते कानाला कळणे आणि पायांना जमणे यांत आमचे तीन महिने गेले. अखेरीस उपाय सापडला तो असा की थांबण्याआधी वजन पूर्णपणे एका पायावर न्यायचे, आलिंगन ढिले पडू द्यायचे नाही आणि श्वास चालू ठेवून छातीचे अगदी किंचित वळण सुरू ठेवायचे. आता अशा ठहरावात पत्नी मोकळ्या पायाने जमिनीवर लहानशी रेघ ओढते आणि पुढचे पाऊल केव्हा घ्यायचे हे काही वेळा तीच ठरवते. फॉलो करणारी, म्हणजे जोडीदाराच्या इशाऱ्याने चालणारी, व्यक्तीही कॉन्ट्रास्ट घडवते, ही या सरावातली मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब आहे.

मध्यंतरी अतिरेकही झाला. चौथ्या महिन्यात संगीताच्या प्रत्येक ओळीत आमचा एक झटका आणि एक विराम असे, आणि प्रत्येक शब्दाखाली रेघ मारलेले पुस्तक वाचल्यासारखे वाटते, असे पत्नीने स्पष्ट सांगितले. तेव्हापासून सुमारे तीन मिनिटांच्या रचनेत अशा दोन-तीनच जागा निवडतो आणि उरलेला वेळ मन लावून साधे चालतो. त्या साधेपणामुळेच निवडलेली जागा उठून दिसते.

ज्यांचा एका पायावरचा तोल अजून डळमळतो, त्यांनी या सरावाची घाई करू नये, असे माझे मत आहे. गर्दीच्या मिलोंगामध्येही, म्हणजे टँगो नाचण्यासाठी जमलेल्या मेळाव्यातही, त्याला मर्यादा येतात, कारण सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागून एक सरकत असतात आणि दीर्घ विरामामुळे मागची संपूर्ण रांग अडते. तिथे मी वेगाऐवजी आलिंगनातील ताण कमी-जास्त करतो. तीन मात्रांच्या वाल्समध्ये, म्हणजे टँगोच्या वॉल्ट्झ प्रकारात, तर माझे अद्याप समाधान झालेले नाही. त्याच्या सलग प्रवाहात थांबले की लय दुखावते, म्हणून तिथे केवळ वळणाचा वेग बदलून पाहत आहे.

अनोळखी जोडीदाराबरोबर तांदामध्ये, म्हणजे सलग वाजणाऱ्या तीन-चार रचनांच्या संचामध्ये, पहिली रचना मी पूर्णपणे शांत ठेवतो. समोरच्या व्यक्तीचा श्वास आणि तोल त्या तीन मिनिटांत कळतो, आणि दुसऱ्या रचनेत घेतलेला पहिला विराम तिला चूक वाटत नाही.