डोनेपेझिल: या गोळीकडून काय मिळतं आणि ती कुठे वाया जाते

अल्झायमरचं निदान झालं की घरात बहुधा सगळ्यात आधी येते ती डोनेपेझिलची गोळी. जपानच्या एसाई कंपनीत ती तयार झाली, १९९६ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि आज आपल्याकडे ती जेनेरिक मिळते. औषध चांगलं आहे. मात्र तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवतात, देताना हयगय होते आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद होते.

मेंदूच्या तळाशी, पुढच्या बाजूला मेनर्टचं केंद्रक म्हणून पेशींचा एक पुंजका आहे. लक्ष देण्यासाठी आणि आठवण साठवण्यासाठी लागणारं असिटिलकोलीन हे रसायन बाह्यकाला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, प्रामुख्याने तिथूनच मिळतं. अल्झायमरमध्ये या पेशी झिजत जातात. रुग्णांच्या मेंदूत हे रसायन बनवणारं विकर (एन्झाइम) फार कमी उरलेलं असतं, हे डेव्हिस आणि मॅलनी या संशोधकांनी १९७६ साली दाखवलं. डोनेपेझिल नवं असिटिलकोलीन बनवत नाही. उरलेल्या पेशी जे सोडतात, ते तोडणाऱ्या विकराला ती अडवते, इतकंच. या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि टाऊ प्रथिनाच्या गाठी तशाच राहतात. म्हणून आजार थांबत नाही. काही काळ माणूस थोडा वरच्या पायरीवर राहतो.

सुरुवात रात्री ५ मिलिग्रॅमने, चार ते सहा आठवड्यांनी १०. घाई केली की मळमळ आणि जुलाब ठरलेले. गोळीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ७० तास आहे, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला दोनेक आठवडे लागतात. चार दिवसांत निकाल लावू नये. विचित्र, भडक स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी द्यावी. खरी काळजी नाडीची. हे औषध हृदयाची गती कमी करतं, त्यात मेटोप्रोलोल किंवा डिल्टियाझेम यांसारखं नाडी मंदावणारं दुसरं औषध चालू असेल तर चक्कर येऊन पडणं, खुबा मोडणं इथवर गोष्ट जाते. आधी ईसीजी काढावा आणि घरी नाडी मोजत राहावी.

गोळी सगळ्यात जास्त वाया जाते ती औषधांच्या डब्यातच. असिटिलकोलीन वाढलं की मूत्राशय जास्त आकुंचन पावतं आणि आजोबांना लघवी आवरत नाही. हे वयामुळे असेल असं समजून दुसरे डॉक्टर लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन लिहितात आणि ते नेमकं असिटिलकोलीनलाच अडवतं. म्हणजे एक गोळी नळ उघडते आणि दुसरी बंद करते, वर गोंधळ आणि बद्धकोष्ठ वाढतं ते वेगळंच. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, खोकल्याच्या सिरपमधलं डायफेनहायड्रामीन, पोटदुखीसाठीचं डायसायक्लोमीन, झोपेसाठी चालू असलेलं अमिट्रिप्टिलीन यांचाही हाच परिणाम. यातली काही तर चिठ्ठीशिवाय काउंटरवरून घरी येतात. डोनेपेझिल सुरू करण्याआधी सगळा डबा डॉक्टरांसमोर टेबलावर ओतावा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गुण आला का, हे तपासायला स्मरणशक्तीच्या चाचणीचे गुण पुरेसे नाहीत. आधी तीन-चार कामं लिहून ठेवावीत: चहा स्वतः करतात का, फोनवर कोण बोलतंय ते ओळखतात का, तोच प्रश्न तासाभरात किती वेळा विचारतात. तीन महिन्यांनी ती यादी पुन्हा भरावी. घसरण नुसती थांबलेली दिसली तरी तो गुणच. आजार पुढे गेला की गोळी निरुपयोगी होते, हा समजही बरोबर नाही. २०१२ साली ब्रिटनमध्ये मध्यम ते गंभीर आजाराच्या २९५ रुग्णांवर चाचणी झाली. गोळी चालू ठेवलेल्यांना, ती बंद केलेल्यांपेक्षा, वर्षभरात स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत सरासरी १.९ गुण जास्त मिळाले. फरक छोटा आहे, पण या टप्प्यावर तो जेवणाखाणात आणि कपडे घालण्यात जाणवू शकतो.

स्मृतिभ्रंशाच्या लुई बॉडी प्रकारात ही गोळी बरेचदा अल्झायमरपेक्षाही चांगलं काम करते. फ्रंटोटेम्पोरल या दुसऱ्या प्रकारात देऊ नये. तिथे कमतरता असिटिलकोलीनची नसते आणि चिडचीड वाढू शकते. नुसत्या विसरभोळेपणावर प्रतिबंध म्हणूनही नको.

शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगावं, कारण भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात त्या सक्सिनिलकोलीनचा परिणाम लांबू शकतो. आठवडाभराहून जास्त खंड पडला तर थेट १० वर न जाता डॉक्टरांशी बोलून पुन्हा ५ पासून चढावं. २३ मिलिग्रॅमची गोळीही निघाली आहे. तिने चाचणीत किंचित गुण वाढतात, उलट्या मात्र बऱ्याच वाढतात. त्यापेक्षा १० वरच राहावं.